लाकूड खाणारी, लाकडात राहणारा

जुन्या घराच्या वाशाला करंगळी जाईल एवढे गोल भोक पडले आणि खाली पिवळसर भुसा सांडलेला दिसला, की घरातली माणसे भुंग्याला दोन शिव्या हासडतात आणि कामाला लागतात. त्याच घराच्या भिंतीवर मातीची वीतभर नळी चढताना दिसली, तर मात्र धावपळ उडते. कपाटे सरकवली जातात, दारांच्या चौकटी ठोकून पाहिल्या जातात, औषध मारणाऱ्याला बोलावणे जाते. घरापुरता हा निवाडा चुकीचा नाही. भुंग्याच्या भोकाने वासा लगेच मोडत नाही. वाळवीची नळी नजरेस पडेपर्यंत आतला खांब अर्धा संपलेला असू शकतो. अडचण अशी, की घरातल्या लाकडावरून ठरवलेला हा निवाडा आपण बागेत, माळावर, रस्त्याकडेच्या झाडांना आणि अगदी जंगलातही लावतो. वठलेले झाड म्हणजे किडीचे माहेर, ते पाडावे. ओंडका पडला तर उचलून न्यावा. वारूळ दिसले तर फोडावे. या सगळ्याला आपण स्वच्छता म्हणतो. तिचा रोख वाळवीवर असतो, फटका मात्र भुंग्याला बसतो. असे का होते, हे कळायला दोघांचे लाकडाशी असलेले नाते किती वेगळे आहे ते आधी पाहावे लागेल.

भुंगा लाकूड खात नाही. भुसा पाहून बहुतेकांचा समज उलटा होतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. मोठा, काळाभोर, उन्हात निळसर चमकणाऱ्या पंखांचा हा कीटक म्हणजे मधमाशीच्याच कुळातला प्राणी. ‘झायलोकोपा’ या त्याच्या प्रजातीत जगभर पाचशेच्या आसपास जाती आहेत आणि दक्षिण आशियात आढळणारी ‘झायलोकोपा लॅटिपेस’ ही जगातल्या सर्वांत मोठ्या मधमाश्यांमध्ये गणली जाते. त्यांचे अन्न मकरंद आणि पराग. लाकूड हवे ते फक्त राहायला. पोखरण्याचे काम मादी करते, तेही आपल्या जबड्यांनी. आधी ती सरळ आत शिरते, मग वळून लाकडाच्या उभ्या रेषा धरून बोगदा काढते आणि निघालेला भुसा बाहेर लोटते. जमिनीवर पडलेला भुसा हा न खाल्लेल्या लाकडाचा पुरावा असतो. बोगदा तयार झाला, की त्याच्या टोकाशी पराग आणि मकरंद मळून एक गोळा ठेवायचा, त्यावर एकच अंडे घालायचे आणि भुशात लाळ कालवून केलेल्या पडद्याने तो खण बंद करायचा. मग पुढचा खण. असे साधारण पाच-सात खण एका ओळीत होतात. अंडे मात्र दांडगे असते. काही जातींचे अंडे दीड सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि कीटकांच्या जगात याहून मोठी अंडी जवळजवळ सापडत नाहीत. साहजिकच एका मादीच्या साऱ्या आयुष्यात ती मोजकीच घातली जातात.

या संसारात आणखीही काही गमती आहेत. कित्येक जातींत पिल्ले प्रौढ झाली, त्यांना पंख फुटले, तरी ती बरेच दिवस त्याच बोगद्यात बसून राहतात आणि आई बाहेरून आणून त्यांना भरवते. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक जातींच्या मादीच्या पोटावर एक बारीकशी खोबण असते. तिच्यात सूक्ष्म माइट राहतात आणि मादी नव्या घरी जाताना हे भाडेकरूही सोबत नेते. घरट्यातली बुरशी ते साफ करत असावेत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. अंगणात माणसाच्या तोंडासमोर येऊन गुणगुणत थबकणारा आणि सगळ्यांना घाबरवणारा भुंगा बहुतेक वेळा नर असतो. आपल्या हद्दीवर पहारा देण्याचा त्याचा आव मोठा, पण त्याला नांगीच नसते. मादीला असते, मात्र तिला हातात पकडल्याखेरीज ती सहसा वापरत नाही.

भुंग्याला कोणते लाकूड लागते, ही गोष्ट या लेखाच्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहासाठी एक दृष्टान्त आला आहे: कोरडे लाकूड लीलया पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. कमळात कोंडलेल्या भुंग्याची कल्पना संस्कृत कवींनी वापरून वापरून गुळगुळीत केली होती, पण लाकूड कोरडे असते हे ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि निसर्गाच्या नोंदीतला तोच बारकावा नेमका आहे. हिरव्या, रसरशीत झाडाच्या वाटेला भुंगा जात नाही. कुजून भुसभुशीत झालेले, पावसाने भिजणारे लाकूडही त्याला चालत नाही, कारण त्यात बोगदा टिकत नाही आणि परागाच्या गोळ्याला बुरशी धरते. त्याला हवी असते मेलेली पण अजून घट्ट असलेली, जमिनीपासून वर, हवेत वाळलेली फांदी, किंवा तसाच सुका बुंधा. काही जाती वाळक्या बांबूच्या पोकळीत घर करतात. झाड वठल्यापासून ते कुजून ढासळेपर्यंतचा काही वर्षांचा काळ, तेवढीच त्याची संधी. आपल्या छपराचा वासा म्हणजे याच वर्णनाचे, पावसापासून जपलेले आणि न कुजणारे लाकूड. रानातले सुके बुंधे जसजसे कमी झाले, तसतसा भुंगा आढ्याकडे अधिक वळला असेल, असे मानायला जागा आहे.

हे घर त्याला मिळाले तर बदल्यात काय मिळते, याचा एक उत्तम पुरावा आपल्या सह्याद्रीतलाच आहे. भीमाशंकर अभयारण्यात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी वारस या वृक्षाचा अभ्यास केला आणि तो २००१मध्ये प्रसिद्ध झाला. वारसाची फुले रात्री उमलतात. स्वतःच्याच परागाने त्याला फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो, आणि तो आणून देणारा मुख्य पाहुणा ठरला तो ‘झायलोकोपा टेन्युइस्कापा’ हा भुंगा. पुढे त्याच जंगलात या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले, की ‘झायलोकोपा ट्रँकेबारिका’ ही दुसरी जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखते. अशा अंधारात माणसाला सगळे करडे दिसते. दिवसा उडणाऱ्या मधमाश्यांसारखेच डोळे घेऊन ही करामत करणारा जीव जगात फार दुर्मीळ. दिवसाची कामगिरीही कमी नाही. माळावरच्या रुईचे पराग चिकट पुड्यांच्या रूपात असतात आणि ते ओढून नेण्याचे बळ भुंग्यात असते. तागाच्या फुलाची घट्ट मिटलेली पाकळी दाबून उघडायला त्याचे वजन उपयोगी पडते. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांत परागाची पिशवी फक्त टोकाशी बारीक छिद्राने उघडते. फुलाला घट्ट धरून अंगातले स्नायू थरथरवले तरच पराग बाहेर पडतो. पोळ्यातल्या नेहमीच्या मधमाश्यांना ही थरथर साधत नाही, भुंग्याला साधते. ब्राझीलमधल्या पॅशन फ्रुटच्या मळ्यांत भुंगे कमी पडले, की मजूर लावून एकेका फुलाला हाताने पराग लावावा लागतो. म्हणून तिथे भुंग्यांसाठी मुद्दाम लाकडी घरटी ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. लांब नळीच्या काही फुलांना तळाशी भोक पाडून तो मकरंद चोरतो, पराग नेत नाही, हेही खरे. चोर म्हणून त्याची नोंद जरूर करावी, पण जमाखर्चाची बेरीज त्याच्या बाजूनेच येते.

‘झायलोकोपा ट्रँकेबारिका’च्या नावातले ट्रँकेबार म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे तरंगंबाडी. तिथल्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आलेला योहान गेरहार्ड कोनिग हा लिनियसचा शिष्य. १७७९मध्ये त्याने दक्षिण भारतातल्या वाळवीवर निबंध प्रसिद्ध केला आणि वाळवीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला, तो जवळपास तिथूनच. त्या काळी वाळवीला पांढरी मुंगी म्हणत आणि आजही पुष्कळजण तेच समजतात. मुंगीशी तिचे नाते नाही. वाळवी ही झुरळांच्या घराण्यातली आहे. २००७मध्ये जनुकांच्या पुराव्यावर हे इतके स्पष्ट झाले, की तिचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणात घालण्यात आले. जगात वाळवीच्या तीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांपैकी घरांचे गंभीर नुकसान करणाऱ्या जाती शंभराहूनही कमी. एका छोट्या टोळीच्या गुन्ह्यांपायी सगळ्या घराण्याची बदनामी झाली आहे.

भुंग्याच्या नेमके उलट, वाळवीचे लाकडाशी नाते पोटाचे आहे. लाकूड ज्या पदार्थांचे बनलेले असते ते पचवणे बहुतेक प्राण्यांना जमत नाही. वाळवीच्या काही गटांनी त्यासाठी आतड्यात सूक्ष्मजीव पाळले. आपल्याकडे माळावर उंच वारुळे बांधणाऱ्या ‘ओडोंटोटर्मिस ओबेसस’ या जातीच्या घराण्याने आणखी वेगळी युक्ती काढली. कामकरी वाळव्या लाकूड, पालापाचोळा, गवत खाऊन अर्धवट पचलेल्या अवस्थेतच वारुळात टाकतात, त्याचे सच्छिद्र गोळे रचतात आणि त्यांवर ‘टर्मिटोमायसिस’ नावाची बुरशी वाढवतात. लाकडातला सर्वांत चिवट भाग ही बुरशी फोडते आणि मऊ झालेला तो गोळा वाळव्या पुन्हा खातात. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या जंगलांत सुरू झाली, असे मानले जाते. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी आणि बाजारात भाव खाणारी अळंबी म्हणजे याच बुरशीची फळे. वारुळाला मान देण्याची रीतही त्याच पट्ट्यात पक्की आहे. गोवा आणि सिंधुदुर्गात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. नागपंचमीला वारूळ पुजणारे मात्र त्याचे श्रेय नागाला किंवा मुंग्यांना देतात, बांधणारी वाळवी बाजूलाच राहते.

वारुळाच्या बांधकामाविषयी लिहायचे तर वेगळा लेख लागेल. बंगळूरमध्ये ‘ओडोंटोटर्मिस ओबेसस’च्या वारुळांवर केलेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर वारुळातली हवा खेळती राहते. दिवसा बाहेरच्या भिंती तापतात, रात्री निवतात, आणि आतल्या हवेच्या फेऱ्याची दिशा त्याप्रमाणे उलटते. भीमाशंकरचे भुंगे अभ्यासणाऱ्या रेनी बोर्जेस यांच्याच बंगळूरच्या प्रयोगशाळेने वारुळाची माती आणि आतली शेती यांवरही काम केले आहे. वाळवी आपल्या बुरशीच्या शेतात उगवणारे बुरशीचे तण ओळखते आणि त्यावर माती टाकून ते दडपते, हेही त्यांनी दाखवले.

वाळवी जंगलाचे खाते की जंगलाला खाऊ घालते? इथे पुरावा बराच भक्कम आहे. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा खंडांतल्या १३३ ठिकाणी सारखेच लाकडी ठोकळे ठेवून ते कसे संपतात हे पाहिले गेले. तापमान दहा अंशांनी वाढले, तर वाळवीकडून लाकूड शोधून संपवण्याचा वेग जवळजवळ सात पटींनी वाढतो. बुरशी आणि जिवाणूंचा वेग त्या मानाने फारच कमी वाढतो. म्हणजे थंड देशांत मेलेले झाड मातीत परत नेण्याचे जे काम बुरशी सावकाश करते, ते आपल्यासारख्या उष्ण, अर्धे वर्ष कोरड्या प्रदेशात मोठ्या प्रमाणात वाळवीवर सोपवलेले आहे. दुसरा पुरावा बोर्निओच्या जंगलातला. तिथे काही तुकड्यांतली वाळवी मुद्दाम कमी करण्यात आली, शेजारचे तुकडे तसेच ठेवले गेले, आणि २०१५-१६चा एल निनोचा दुष्काळ नेमका मध्येच आला. वाळवी शाबूत असलेल्या तुकड्यांत दुष्काळात तिची संख्या दुपटीने वाढली, जमीन अधिक ओलसर राहिली आणि लावलेली रोपे निम्म्याने अधिक जगली. चांगला पाऊस झालेल्या वर्षी दोन्हीकडे फरक जवळजवळ दिसला नाही. मला या प्रयोगातली ही दुसरी गोष्ट अधिक पटते. वाळवीचे मोल सुकाळात दिसत नाही, आणि दर दोन-चार वर्षांनी पावसाने ओढ देणाऱ्या मुलखाने ते विसरू नये. तिच्यावर जगणाऱ्यांची यादीही छोटी नाही. खवले मांजर मुंग्या आणि वाळवी यांवरच जगते. मेळघाट-ताडोबातल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात आणि त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते. घोरपड अनेकदा वारुळात अंडी घालते.

आता दोघांना एका वठलेल्या झाडावर ठेवून पाहू. वरच्या सुक्या, हवेशीर फांद्या भुंग्याच्या. जमिनीला टेकलेला, ओल धरणारा बुंधा आणि मुळे वाळवीची. काही वर्षांनी झाड कोसळते आणि जे भुंग्याचे होते तेही वाळवीच्या ताब्यात जाते. तोवर भुंग्याने नवे वठलेले झाड शोधलेले असते, अर्थात ते असेल तर. आपण ते झाड पाडून नेले तर वाळवीचे काय बिघडते? ती पालापाचोळा खाते, गवत खाते, शेण खाते, जुनी मुळे खाते, उभ्या झाडाची वरची मेलेली साल खाते. तिची राणी दिवसाला हजारो अंडी घालते आणि कित्येक वर्षे घालत राहते. हजार कामकरी मेल्या तरी वारुळाला त्याचा पत्ता लागत नाही. भुंग्याला मात्र पर्याय नाही. पालापाचोळ्यात त्याचा बोगदा होत नाही, कुजक्या खुंटात होत नाही, हिरव्या झाडात होत नाही. एक सुकी फांदी सरपणात गेली, की पाच-सात खणांतली एका मादीची त्या हंगामाची सगळी संतती चुलीत जाते. जो लाकूड खातो त्याला खायला दुसरे काही सापडते. जो लाकडात राहतो त्याला दुसरे घर सापडत नाही. किडीविरुद्धची आपली मोहीम म्हणूनच ज्या किडीविरुद्ध आहे तिला जेमतेम ओरखडा काढते.

या युक्तिवादाला शेतकऱ्याकडून येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ऊस, गहू, भुईमूग, नव्याने लावलेली कलमे आणि निलगिरीची रोपे यांचे वाळवी खरोखर नुकसान करते. तिचे गुणगान करणाऱ्याने उसाच्या बेण्याला लागलेली वाळवी पाहावी, असे कोणी म्हणाले तर ते रास्त आहे. मात्र मेलेले खाण्याकडे तिचा ओढा असतो आणि जिवंत पिकावर ती जास्त येते ती जमिनीत कुजणारे काही उरलेले नसते तेव्हा, किंवा पीक पाण्यावाचून तळमळत असते तेव्हा. पाचट जाळले, धसकटे उपटून नेली, शेणखत बंद झाले, की शेतात खाण्याजोगे एकच उरते, ते म्हणजे उभे पीक. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात मुंग्या आणि वाळवी असलेल्या जमिनीत गव्हाचे उत्पादन ३६ टक्क्यांनी वाढल्याचे २०११मध्ये दिसून आले. त्यांच्या बिळांतून पाणी खोल मुरले आणि नत्रही वाढले. तिथल्या जाती वेगळ्या, माती वेगळी, म्हणून तो आकडा विदर्भाला लावता येणार नाही. शेतातली वाळवी सरसकट शत्रू नाही, एवढे मात्र त्यावरून ठरते. उभ्या झाडाच्या बुंध्यावर मातीचा पापुद्रा चढलेला पाहून झाड संपले असे समजणारेही खूप आहेत. त्या पापुद्र्याखाली ती बहुतेक वेळा वरची मेलेली सालच खात असते.

दुसरा आक्षेप हवामानाचा. वाळवी मिथेन सोडते, मग तिला वाढू का द्यावे? जगातल्या एकूण मिथेनमध्ये वाळवीचा वाटा साधारण एक ते तीन टक्के धरला जातो, आणि ऑस्ट्रेलियात मोजले तेव्हा वारुळातल्या आणि त्याखालच्या मातीतले जिवाणू त्यातला निम्मा वायू बाहेर पडण्याआधीच संपवतात असे आढळले. गुरे, भातखाचरे, कचऱ्याचे डोंगर आणि वायूच्या गळक्या नळ्या यांची मोजदाद बाजूला ठेवून वाळवीकडे बोट दाखवण्यात काही अर्थ नाही. मेलेले लाकूड ठेवले तर वणवा भडकतो, असेही म्हणतात. पण आपल्या जंगलातला वणवा मुख्यतः वाळलेल्या गवतावर आणि पाचोळ्यावर पळतो, आणि तोच पाचोळा कमी करणारी वाळवी आहे.

सरपणाचा प्रश्न मात्र असा चार वाक्यांत निकाली निघत नाही. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला भुंग्याच्या संततीचे पुराण सांगणे निर्लज्जपणाचे होईल. ती उचलते ती बहुधा बारीक काटकी आणि पडलेल्या फांद्या, आणि तिच्याकडे दुसरा मार्ग नसतो. सबंध वठलेले झाड करवतीने कापून गाडीत घालणारा वेगळा असतो आणि त्याच्या मागे सोयीचे किंवा सौंदर्याचे कारण असते. गरजेची काटकी आणि हौसेची सफाई यांत फरक करावा, एवढीच मागणी आहे. कायद्याने संरक्षित जंगलापुरता तो केलाही आहे: १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून मेलेली, रोगट, मरणोन्मुख किंवा वाऱ्याने पडलेली झाडे काढून नेण्यास मनाई केली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या गावांनी हे देवरायांत केले होते. व. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांची नोंद केली, तेव्हा काही ठिकाणी पडलेले लाकूड किंवा सुकी काडीही उचलायची नाही, असा दंडक चालू असल्याचे त्यांना आढळले. देवाच्या भीतीने पाळलेल्या या दंडकामागे कीटकशास्त्र होते असा दावा मी करणार नाही. तसे म्हणण्याची सध्या फार हौस आहे. पण परिणाम मोजायचा तर वठलेले झाड उभ्या-उभ्या म्हातारे होऊ देणाऱ्या जागा महाराष्ट्रात मुख्यतः याच उरल्या, आणि आता देऊळ पक्के बांधण्यासाठी, मंडप-फरशी घालण्यासाठी त्यांतलेही लाकूड जात आहे.

अभयारण्य आणि देवराई यांच्या बाहेर, शहरातल्या टेकड्या, महाविद्यालयांची आवारे, सोसायट्यांच्या बागा आणि शेताचे बांध इथे मेलेले लाकूड राखण्याचा असा नियम नाही, आणि तिथेच सोपे काम करता येते. वठलेले झाड रस्त्यावर किंवा घरावर पडण्याजोगे असेल तर ते कापायलाच हवे. माणसाच्या जिवापुढे भुंग्याचा बोगदा नाही. पण कापताना बुंधा दोन पुरुष उंचीपर्यंत उभा ठेवता येतो आणि वरच्या जाड फांद्या कोपऱ्यात, उन्हात, दगडांवर टेकवून रचता येतात. घरात मात्र घरचाच न्याय चालावा. वाळवी ओल आणि माती यांच्या मागाने येते, म्हणून गळकी मोरी, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग आणि जमिनीत गाडलेली लाकडी खुंटी यांचा बंदोबस्त औषधाआधी करावा. चौकटीला सागाचा गाभा वापरावा, कारण वाळवीला नकोसे असलेले द्रव्य गाभ्यात असते, बाहेरच्या पांढरट भागात नाही. औषध मारावे लागलेच तर ते पायाशी, बंदिस्त जागी मारावे. वाळवीवर वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना अत्यंत घातक आहे आणि युरोपीय संघाने २०१८मध्ये उघड्या शेतातला त्याचा वापर बंद केला. फुलझाडांवर त्याचा फवारा उडू देऊ नये. भुंग्याचा उपद्रव असेल तर वाशांना रंग किंवा व्हार्निश द्यावे, रंगवलेले लाकूड तो सहसा टाळतो. आत कोणी नाही याची खात्री करून जुनी भोके बुजवावीत, आणि त्याआधी परसात एखादा सुका ओंडका किंवा बांबूची जुडी आडोशाला टांगून ठेवावी. तिथे भुंगी घर करील याची हमी नाही, पण वासा पोखरण्याखेरीज दुसरी जागा तरी तिला राहील.